स्कॅफोल्डिंगमधल्या शिकाऊ मुलाची हजेरी: कापलेले तीनशे रुपये कशाचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला. खानापूर तालुक्यातल्या गावातून तो रोज बेळगावला येतो आणि गेले आठ महिने एका स्कॅफोल्डिंगच्या ठेकेदाराकडे ‘शिकाऊ’ म्हणून काम करतो. त्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, तीनशे रुपये आहे. त्याच टोळीतल्या जुन्या कामगाराला नऊशे मिळतात आणि भावाच्याच वर्गातला मित्र गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून सहाशे घेऊन घरी येतो. दोन वर्षे काम शिकल्याशिवाय पगार वाढत नसतो, असे ठेकेदार म्हणतो. तेव्हा भावाने हे काम सोडावे का, असे आपण पुण्याहून विचारले आहे.

मी या धंद्यात सव्वीस वर्षे आहे. पहिली नऊ वर्षे दुसऱ्यांच्या टोळ्यांत काढली, नंतर स्वतःची टोळी केली. उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या शेड, शहापूर-वडगावातल्या इमारती, नदीकाठच्या साखर कारखान्यांची दुरुस्ती आणि चोर्ला घाट उतरून गोव्यातली कामे, अशी सगळी परांची, म्हणजेच स्कॅफोल्डिंग, बांधली आहे. हाताखाली मुले ठेवली आहेत, त्यांना पगार दिले आहेत, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत ते जेवढे द्यायला हवे होते त्यापेक्षा कमीही दिले आहेत. म्हणून पुढे जे लिहितो ते मालकाचा हिशेब आणि मुलाचा हिशेब हे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

माझ्या मते तीनशे आणि नऊशे यांची तुलना आपण बाजूला ठेवावी. नऊशे घेणारा माणूस दहा-बारा वर्षे उंचीवर काम केलेला असेल, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला तेवढे मिळणार नाहीत हे आपल्यालाही मान्य असेल. खरी तुलना तीनशे आणि सहाशे यांची आहे. गावातला बिगारी काही न शिकता सहाशे घेतो आणि आपला भाऊ शिकतो म्हणून तीनशे घेतो, याचा अर्थ तो रोज तीनशे रुपये शिकण्याची फी म्हणून ठेकेदाराकडे भरतो आहे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सात हजार आठशे रुपये झाले, आणि आठ महिन्यांचे बासष्ट हजार चारशे. एवढी फी भरून मुलगा काय शिकला, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. सोडायचे की राहायचे हे त्याच्या उत्तरावर ठरेल.

ठेकेदाराची बाजू अगदीच खोटी नसते, म्हणून ती आधी सांगतो. आपल्याकडे स्कॅफोल्डिंगचे बरेचसे काम चौरस फुटावर घेतले जाते. टोळीने जेवढे उभे केले तेवढे पैसे, मग टोळीत पाच माणसे असोत की सात. नवा मुलगा पहिले दोन-तीन महिने वर चढू शकत नाही आणि त्याला चढवूही नये. तो खाली पाइप मोजून देतो, क्लॅम्प (पाइप एकमेकांना जोडणारी पकड) निवडतो, फळ्या वर पोचवतो. त्याच्या चुकीने एखादा आडवा पाइप खाली-वर लागला तर जुन्या माणसाला तो सोडून पुन्हा लावावा लागतो आणि तेवढा वेळ टोळीचे फूट बुडतात. शिकवण्याचा खर्च असतो, तो असा असतो.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू ठेकेदार सांगत नाहीत. आपण वापरतो तो सहा मीटरचा लोखंडी पाइप एकवीस-बावीस किलोंचा असतो, आणि एक क्लॅम्प साधारण किलोभर. ट्रकमधून उतरवणे, थप्पी लावणे, वर देणे, काम संपल्यावर पुन्हा मोजून भरणे ही पूर्ण हमाली आहे, आणि ती करणाऱ्या मुलाने त्या वेळात बिगाऱ्याइतकेच किंवा त्याहून जास्त काम केलेले असते. जो वेळ जुना माणूस हातातले काम थांबवून मुलाला काही दाखवत उभा राहतो, तेवढ्याच वेळाची मजुरी कमी धरणे न्यायाचे होईल. आठ तासांत असा वेळ किती, हे भावाला विचारा. बहुतेक टोळ्यांत तो अर्धा तासही नसतो. म्हणून हमाली करणाऱ्या मुलाला बिगाऱ्यापेक्षा कमी हजेरी द्यायला मला तरी काही आधार दिसत नाही. पहिल्या दिवसापासून बिगाऱ्याचा दर आणि जसजसे काम येत जाईल तसतशी वाढ, हीच रीत बरोबर आहे.

आता कायद्याचे बोलू, कारण ‘शिकाऊ’ हा शब्द इथे फार सैल वापरला जातो. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे मुलगा शिकाऊ ठरण्यासाठी लेखी करार व्हावा लागतो आणि त्याची सरकारी पोर्टलवर नोंद व्हावी लागते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. धोक्याच्या उद्योगातल्या कामासाठी वय अठरा पूर्ण असावे लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे विद्यावेतन शिक्षणावर ठरते: दहावीला महिन्याला किमान ६,००० रुपये, बारावीला ७,०००, पदवीधराला ९,०००; दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. हे आकडे ३६ टक्क्यांनी वाढवावेत अशी शिफारस शिकाऊ उमेदवारांसाठीच्या केंद्रीय परिषदेने मे २०२५ मध्ये केली आहे, म्हणून करार करताना त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा. केंद्राच्या योजनेत नोंदणी असेल तर विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार भरते.

हे वाचून ठेकेदार एक गोष्ट नक्की बोलेल आणि ती ऐकून आपण गप्प बसू नये, म्हणून आधीच सांगतो. तीनशेप्रमाणे सव्वीस दिवसांचे ७,८०० होतात. म्हणजे कायद्यातल्या सात हजारांपेक्षा मी जास्तच देतो, असे तो म्हणेल. आकडा खरा आहे. पण त्या सात हजारांबरोबर ठरलेली मुदत येते, ठरलेला अभ्यासक्रम येतो, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र येते. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम लावायचे तर परवानगी लागते. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते, आणि पैसे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यावे लागतात. पावसाने काम बंद पडले म्हणून हजेरी कापण्याचा प्रकार त्यात बसत नाही. आपल्या खानापूरच्या बाजूला पाऊस कसा लागतो हे मी आपल्याला सांगायला नको. जून-जुलैत भावाचे महिन्याला सव्वीस दिवस भरले का, तेही विचारून पाहा. कायद्यातली कमी रक्कम घ्यायची आणि त्यातल्या जबाबदाऱ्या सोडायच्या, असे करता येत नाही.

आणि करारच नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने आपला भाऊ शिकाऊ नाहीच. तो अकुशल बांधकाम कामगार आहे आणि त्याला किमान वेतन लागू आहे. कर्नाटकात बांधकामाच्या किमान वेतनातला महागाई भत्ता दर वर्षी १ एप्रिलला बदलतो; चालू दर कामगार खात्याच्या पत्रकात मिळतो. तीनशे रुपये हा त्यातल्या सर्वांत खालच्या दरापेक्षाही कमी आहे. जुन्या कायद्यांच्या जागी आता कामगार संहिता आल्या असल्या तरी किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, हे तत्त्व बदललेले नाही. ‘शिकायला आलाय’ अशी तिसरी जात कायद्यात कुठेच नाही.

पैशाचा भाग इतका. पण मला जास्त काळजी शिकण्याची वाटते, कारण या धंद्यात न शिकलेला मुलगा कमी कमावतो एवढ्यावर थांबत नाही. तो पडतो, किंवा त्याने बांधलेल्या परांचीवरून दुसरा पडतो.

मी ज्यांच्याकडे पहिल्यांदा लागलो त्यांनी मला चौदा महिने पाइप वाहायला लावले. विचारले की म्हणायचे, बघत राहा, येईल. एकदा बैलहोंगलच्या बाजूला एका गोदामाचे काम होते. तिकडची जमीन काळी. रात्री पाऊस झाला आणि सकाळी गेलो तर बाहेरून सगळी परांची जशीच्या तशी उभी दिसत होती. टोळीतले एक वयस्कर मामा मला बाजूला घेऊन गेले, खिशातला ओळंबा (सरळ उभे आहे का ते पाहायचे दोरीचे वजन) माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वर चढायच्या आदी ह्यो लाव.” मी वरच्या आडव्या पाइपावरून दोरी सोडली. खाली ओळंबा उभ्या पाइपापासून चार बोटे लांब लोंबत होता. बेस प्लेट (उभ्या पाइपाच्या तळाशी बसणाऱ्या लोखंडी पट्ट्या) खाली फळी न घालता थेट मातीवर ठेवल्या होत्या आणि एका बाजूच्या प्लेट रात्रीतून दोन-दोन बोटे खचल्या होत्या. मामांनी त्या दिवशी कुणालाही वर चढू दिले नाही. खानापूरच्या तांबड्या, कठीण जमिनीवर जे चालून जाते ते काळ्या मातीत चालत नाही, प्लेटखाली लांब फळी हवीच, आणि पावसानंतर ओळंबा पाहिल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, हे मी त्या अर्ध्या तासात शिकलो. आधीच्या चौदा महिन्यांत मला ते कुणी सांगितले नव्हते, कारण सांगण्याचे पैसे कुणालाच मिळत नव्हते.

दोष इथे आहे. फुटावर पैसे घेणाऱ्या टोळीत जुना कामगार मुलाला शिकवायला थांबला तर त्याचे स्वतःचे पैसे बुडतात. म्हणून तो चांगल्या मनाचा असला तरी शिकवत नाही. मी स्वतःची टोळी केल्यावर पहिली काही वर्षे माझ्याकडेही हेच चालले होते. मुले चार-सहा महिने राहायची आणि बिगारीला निघून जायची. मग पुन्हा नवी मुले, पुन्हा कच्चे हात. शेवटी मी दोन गोष्टी बदलल्या. मुलगा ज्या माणसाच्या हाताखाली दिला त्या माणसाला शिकवण्याचे रोज शंभर रुपये वेगळे द्यायला लागलो, आणि मुलाची हजेरी बिगाऱ्याच्या दरापासून सुरू करून कामागणिक वाढवू लागलो. दोन्ही पैसे माझ्या नफ्यातून गेले. पण मोडून पुन्हा बांधण्याचे काम कमी झाले, क्लॅम्प हरवणे कमी झाले, आणि तेव्हा आलेल्यांपैकी दोघे आज स्वतः टोळी चालवतात. ठेकेदाराला हे परवडत नाही असे नाही. पण ते पहिल्या महिन्यात परवडत नाही, आणि बहुतेकांचा हिशेब एका महिन्यापुरताच असतो.

कमी हजेरीचा आणखी एक परिणाम मी पाहिला आहे. तीनशेत भागत नाही म्हणून मुलगा संध्याकाळी दुसरीकडे गाडी भरायला जातो किंवा हॉटेलात राबतो, रात्री उशिरा झोपतो आणि सकाळी आठला चाळीस फुटांवर उभा असतो. त्या उंचीवर झोप न झालेला माणूस सुरक्षेचा पट्टा अडकवायला विसरतो. म्हणून आपला भाऊ संध्याकाळी आणखी कुठे जातो का, हे मायेने विचारा. मुले घरी हे सांगत नाहीत.

आता भाऊ खरेच काही शिकतो आहे की नाही, हे आपल्याला पुण्यात बसूनही तपासता येईल. त्याला फोनवर विचारा की उभ्या-आडव्या पाइपाच्या जोडाला कोणता क्लॅम्प लागतो आणि तिरक्या पाइपाला कोणता. पहिल्या ठिकाणी फिक्स आणि तिरक्याला स्विव्हल (फिरणारा), हे त्याने न अडखळता सांगितले पाहिजे. परांची भिंतीला कुठे-कुठे बांधली आहे आणि रंगारी किंवा प्लास्टरवाला ‘हा मधला पाइप काढ, आड येतो’ म्हणाला तर काय करायचे, ते विचारा. ‘मुकादमाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही’ असे उत्तर आले तर कुणीतरी त्याला शिकवते आहे. परांची खोलताना आधी काय काढायचे, तेही विचारा. खोलणे हे बांधण्यापेक्षा जास्त धोक्याचे काम आहे, कारण भिंतीचे बंध घाईने आधी काढले की सगळी परांची बाहेर झुकते. आणि नेमके तेच काम ‘खाली तर उतरवायचंय’ म्हणून कच्च्या मुलांना देतात. गेल्या महिन्यात त्याने स्वतःच्या हाताने काय बांधले जे आधी येत नव्हते, हा माझा शेवटचा प्रश्न. आठ महिन्यांनंतरही उत्तर ‘पाइप देतो’ एवढेच असेल, तर तो शिकाऊ नाही, अर्ध्या मजुरीतला हमाल आहे, आणि त्याने तिथे आणखी दीड वर्ष घालवू नये.

उत्तरे चांगली आली तर मात्र घाईने सोडू नका. काम येणाऱ्या माणसाला या धंद्यात बिगाऱ्यापेक्षा पुढे वाव आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरच्या आतली परांची किंवा उंच चिमणीभोवतीचे काम प्रत्येकाला येत नाही आणि त्याचे दर वेगळे असतात. स्कॅफोल्डर हा व्यवसाय बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमांत आहे. ते प्रमाणपत्र मोठ्या कंपन्यांच्या साइटवर विचारले जाते. आखातात जायचे स्वप्न आपल्या भागातल्या बऱ्याच मुलांना असते. भाऊ दहावीच्या पुढे शिकलेला असल्याने त्याला परदेशी जाण्यासाठी वेगळी प्रवासमंजुरी लागणार नाही. पण कामाचा अनुभव कागदावर नसेल तर तिथे त्याला हेल्परच म्हणून घेतील. आणि त्या वेळी कुणी एजंट लाखभर मागू लागला तर नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढे लक्षात ठेवा.

राहायचे ठरले तर पुढच्या गोष्टी कराव्यात. भावाने आजपासून एक वही करावी आणि रोजची तारीख, जागा, तास, काय काम केले आणि किती पैसे मिळाले हे लिहावे. उचल घेतली असेल तर तीही. भांडण झालेच तर ही वही आणि फोनमधले साइटचे फोटो उपयोगी पडतात. अठरा पूर्ण असल्याने आणि बारा महिन्यांत नव्वद दिवस भरल्याने तो कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीस पात्र आहे. त्यासाठी कामाचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो कसा देतो यावरून त्याची नियतही कळते. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) म्हणून काही कापत असतील तर नंबर मागून घ्या. पट्टा आणि हेल्मेट यांचे पैसे मुलाकडून कापू देऊ नका. ती द्यायची जबाबदारी मालकाची आहे. कुठल्या कागदावर सही मागितली तर तो बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल. मराठी शाळेत शिकलेली आपली मुले लाजेने न वाचता सही करतात. गावातल्या कन्नड जाणणाऱ्या माणसाकडून तो कागद शब्दन्‌शब्द वाचून घ्यावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.

ठेकेदाराशी बोलणे भावाने एकट्याने करू नये. आपण किंवा वडिलांनी बरोबर जावे, आवाज चढवू नये आणि तीन गोष्टी मागाव्यात: आजपासून बिगाऱ्याचा दर, कुणाच्या हाताखाली शिकायचे त्याचे नाव, आणि पुढची वाढ कोणत्या महिन्यात व कोणते काम आल्यावर, याची तारीख. छोटा ठेकेदार असेल आणि त्यालाच वरून बिल उशिरा मिळत असेल तर पहिली वाढ दोन टप्प्यांत घ्यायला हरकत नाही. माणूस शिकवणारा असेल तर मी स्वतः एवढी सवलत देईन. तारीखच द्यायला तयार नसेल तर दोन वर्षांनीही तो हेच म्हणेल. मग हिशेब चुकता करून घ्यावा, आणि जुनी बाकी अडवली तर वही घेऊन बेळगावच्या कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

वेळही निवडावी लागते. आपल्याकडे सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, आणि योगायोगाने आमच्या धंद्यातही तीच वेळ मुलाच्या सोयीची आहे. गळीत हंगाम संपून कारखान्यांची दुरुस्ती निघते, शिवाय पावसाच्या आत बाहेरचे प्लास्टर आणि रंग उरकायची घाई असते. त्या दोन-तीन महिन्यांत आठ महिने काम केलेला हात कुठलाही ठेकेदार सहजासहजी सोडत नाही. जुलैत हेच बोलणे केले तर ‘घरी बस’ असे उत्तर येईल. म्हणून क्लॅम्पचे आणि ओळंब्याचे प्रश्न भावाला याच आठवड्यात विचारून घ्या, आणि ठेकेदाराकडे पाडव्याच्या आधी जा.